टॅटू काढू की नको? काउंटरवर रोज विचारले जाणारे प्रश्न

मी दादरला एका टॅटू स्टुडिओच्या काउंटरवर बसते. मशीन माझ्या हातात कधीच नसतं. माझ्याकडे फोन, अपॉइंटमेंटची वही आणि संमतीचा फॉर्म. त्यामुळे टॅटूबद्दल लोकांच्या मनात जे जे येतं ते आधी माझ्या कानावर येतं. फोनवर कुजबुजत, जिन्यात उभं राहून, कधी सोबत आलेल्या मैत्रिणीला पुढे करून. प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. धंदा आमचा असला तरी ही उत्तरं वाचून कुणी परत गेलं तर माझी हरकत नाही. नंतर रडत येणाऱ्यापेक्षा आधीच परत जाणारा बरा.

एका वाक्यात सांगा, काढू की नको?

एका वाक्यात जमणार नाही. टॅटूचे फायदे जवळजवळ सगळे मनातले असतात: गेलेल्या माणसाची आठवण, भाजल्याचा किंवा ऑपरेशनचा व्रण झाकल्याचं समाधान, नाहीतर नुसतीच हौस. हौस हेही कारण आहे, तिला कमी लेखू नका. तोटे मात्र कातडीवर, खिशात आणि नोकरीच्या अर्जात दिसतात. दोन्ही एका तराजूत टाकून काटा बघत बसलात तर तो कधीच थांबणार नाही. मी लोकांना वेगळं विचारते. कुठे काढणार, कोणाकडून काढणार आणि पुढचे पंधरा दिवस तुमचा दिनक्रम काय? या तिन्हींची उत्तरं धड आली तर काढा. चित्र कुठलं, हा प्रश्न त्यानंतरचा.

टॅटू कायमचा का राहतो? वरची कातडी तर झडत असते ना?

झडते. वरचा थर साधारण महिन्याभरात नवा होतो. म्हणून तर सुई त्याच्या खालच्या थरात जाते, एक ते दोन मिलिमीटर आत. तिथे शाई पोचली की शरीराला वाटतं काहीतरी परकं घुसलं. सफाई करणाऱ्या पेशी धावत येतात, शाईचे कण गिळतात आणि पचवता न आल्यामुळे तशाच तिथे बसून राहतात. एक पेशी मेली की तिने सोडलेले कण शेजारची नवी पेशी उचलते. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ साली उंदरांवर प्रयोग करून हे दाखवलं. म्हणजे तुमचा टॅटू हा शरीराने वर्षानुवर्षं चालवलेला एक फसलेला सफाईचा कार्यक्रम आहे. काही कण मात्र निसटून काखेतल्या, जांघेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत जातात आणि त्या ग्रंथींना रंग चढतो. हे लपवण्यासारखं नाही, म्हणून सांगितलं.

दुखतं का?

दुखतं. दंडाची बाहेरची बाजू आणि हाताचा खालचा भाग सोसण्यासारखा. बरगड्या, कोपराची खोबण, पाठीचा कणा आणि पावलाचा वरचा भाग यांचं नाव काढलं की आमचे आर्टिस्टसुद्धा "आधी पोटभर जेवून या" म्हणतात. ते खरोखर करा. उपाशीपोटी येऊन चक्कर येणारे आठवड्याला एखादा तरी असतात. आदल्या रात्री दारू नको. रक्त जास्त येतं आणि शाई नीट धरत नाही.

बधिर करणारं क्रीम केमिस्टकडून आणून घरूनच थापून येतात काही जण. छोट्या जागेला चालून जातं. पण संपूर्ण पाठीला किंवा मांडीला जाड थर लावून वर प्लास्टिक गुंडाळणं धोक्याचं आहे. त्यातलं औषध रक्तात उतरतं आणि हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा उद्योग करू नका.

एचआयव्ही, कावीळ वगैरे होते का?

सुई एकाची दुसऱ्याला वापरली तर होऊ शकते. हेपेटायटिस बी, हेपेटायटिस सी आणि एचआयव्ही हे तिन्ही रक्तातून जातात. यातला बी सगळ्यांत चिवट. त्याचा विषाणू वाळलेल्या रक्तात, शरीराबाहेर सात दिवस तग धरू शकतो. जत्रेत पाटावर बसून बॅटरीवर मशीन चालवणारा माणूस दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये सुई फडक्याने पुसतो ना, त्याचा अर्थ आता लावा. माझा स्वतःचा पहिला टॅटू असाच, सोळाव्या वर्षी, पन्नास रुपयांत काढलेला आहे. मनगटावर बदाम. मला काही झालं नाही ते माझं नशीब, त्या फडक्याचं कर्तृत्व नव्हे.

सुईबद्दल आता सगळ्यांना कळतं. शाईबद्दल कळत नाही. करड्या छटा काढण्यासाठी काळी शाई पातळ करावी लागते. त्यासाठी नळाचं पाणी वापरलं, किंवा शाईच्या बाटलीतच जंतू असले, तर सुई कितीही नवी असली तरी जंतू थेट कातडीच्या आत पेरले जातात. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये असंच झालं होतं. आधीच पातळ करून विकलेल्या करड्या शाईतून क्षयाच्या जंतूंच्या जातकुळीतला एक जंतू बऱ्याच जणांच्या कातडीत शिरला. लाल पुटकुळ्या आल्या आणि औषधं बराच काळ घ्यावी लागली. म्हणून आर्टिस्ट शाई कशाने पातळ करतो हे विचारा. निर्जंतुक पाणी हे एकच उत्तर चालेल.

हेपेटायटिस बीची लस घेतली नसेल तर टॅटूच्या निमित्ताने घ्या. तीन डोस, सहा महिन्यांत. टॅटू काढा न काढा, ती घ्यावीच.

स्टुडिओ बघायला आलो तर नक्की काय बघू?

भिंतीवरचे फोटो नंतर. आधी हे बघा. सुईचं कार्ट्रिज तुमच्यासमोर पाकीट फाडून काढतात का, पाकिटावर मुदतीची तारीख आहे का. शाई मोठ्या बाटलीतून छोट्या टोपीत ओततात का आणि उरलेली फेकतात का, की परत बाटलीत घालतात. हातमोजे घालून आर्टिस्ट मोबाईल उचलतो का. उचलला तर मोजे बदलतो का. यावर मी सगळ्यात जास्त भांडते. वापरलेली सुई कचऱ्याच्या पिशवीत जाते की टणक डब्यात. मशीनचा धरायचा भाग स्टीलचा असेल तर ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र, कुठे आहे ते दाखवायला सांगा. चांगल्या ठिकाणी हे विचारल्यावर कोणी रागावत नाही. रागावले तर जिना उतरा.

बरे झालेल्या टॅटूंचे फोटोही मागा. ताजा टॅटू सगळ्यांचाच झकास दिसतो. वर्षभराने रेषा कशी राहिली त्यात हात कळतो.

कोणी काढूच नये?

गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर थांबा, टॅटू कुठे पळून जात नाही. साखर ताब्यात नसेल तर जखम रेंगाळते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला. गोळी मनाने बंद करून येऊ नका, असं करून आलेल्या एका काकांना मी परत पाठवलं होतं.

सोरायसिस, लायकेन प्लॅनस किंवा कोड असलेल्यांसाठी एक गोष्ट कुणी सांगत नाही. या आजारांत कातडीला जिथे इजा होते तिथेच नवा चट्टा उमटू शकतो. टॅटू म्हणजे हजारो इजा. चित्राच्या रेषेवरून नेमका चट्टा उठलेला मी पाहिला आहे. तसंच कान टोचल्यावर गाठ आली असेल, लस घेतलेल्या जागी जाड व्रण उठला असेल, तर तुमची कातडी केलॉइडची, म्हणजे जखमेपेक्षा मोठा जाड व्रण वाढवणारी, आहे. छाती आणि खांदा तर विसराच.

लाल रंगाची ॲलर्जी सगळ्यात जास्त दिसते, तीही कधी कधी काही वर्षांनी. फुलाच्या पाकळ्या तेवढ्या सुजतात, खाजतात, हिरवी पानं मात्र मजेत. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर बंधनं आणली आणि वर्षभराने एका निळ्या आणि एका हिरव्या रंगद्रव्यालाही त्यात ओढलं. आपल्याकडे बाटलीवरचं लेबल तुम्हालाच वाचावं लागतं.

पावसाळ्यात काढला तर चालेल ना? ऑफर चालू आहे.

ऑफर पावसाळ्यातच का असते याचा विचार करा. जून ते सप्टेंबर आमचा धंदा मंद असतो आणि त्याला कारण आहे.

ताजा टॅटू ही उघडी जखम आहे. मुंबईच्या पावसात तीन गोष्टी त्या जखमेवर टपलेल्या असतात. एक, दमट हवा. घाम सुकत नाही, खपली ओली राहते आणि भिजून भिजून अवेळी निघते, तिच्याबरोबर शाईही निघते. दोन, ओले कपडे. भिजलेल्या जीन्सखाली पोटरीवरचा टॅटू सात तास ऑफिसात बसवलात तर तो काय करेल? तीन, आणि हीच खरी भीती, साचलेलं पाणी. हिंदमाता, सायन, अंधेरी सबवे, मिलन सबवे, तुमच्या वाटेत जे येत असेल ते. त्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं आणि लेप्टोस्पायरोसिसचे जंतू कातडीवरच्या जखमेतून आत शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली होती. तेव्हापासून महापालिका दर पावसाळ्यात सांगत असते की पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नका. आणि आपण पैसे देऊन पायावर जखम करून घ्यायची? घोट्याचा, पोटरीचा, पायाच्या पंजाचा टॅटू पावसाळ्यात मी बुकच करत नाही. मालक कुरकुरतात. कुरकुरू देत.

चुकून साचलेल्या पाण्यातून जावं लागलंच तर घरी जाऊन साबणाने धुवा आणि डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा. प्रतिबंधक गोळी द्यायची की नाही ते ते ठरवतील. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं यांपैकी काही झालं तर टॅटूचा फोटो मला व्हॉट्सॲप करत बसू नका. केईएम, नायर, सायन, जे रुग्णालय जवळ असेल ते गाठा.

गणपती विसर्जनाला समुद्रात उतरायचं असेल तर टॅटू नंतर. दहीहंडीच्या थरात असाल तरीही नंतर. तरणतलाव, जुहूचं पाणी, गावची विहीर, सगळं तीन आठवडे बंद. सगळ्यात चांगला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

मी रोज लोकलने जातो. कुठे काढू?

अगदी योग्य प्रश्न, आणि हा फार कमी लोक विचारतात. खांद्यावर काढलात तर सॅकचा पट्टा घासतो. सॅक पुढे घेतलीत तरी पट्टा खांद्यावरच असतो. दंडाच्या बाहेरच्या बाजूला काढलात तर विरारच्या गर्दीत तिथे सगळ्यांची कोपरं लागतात. ज्या हाताने दांडा धरता त्या हाताच्या आतल्या बाजूला काढलात तर तो हात वर आणि टॅटू शेजाऱ्याच्या केसांच्या तेलापाशी. त्यातल्या त्यात दुसऱ्या हाताचा खालचा भाग बरा. शुक्रवारी संध्याकाळी काढा, शनिवार-रविवार घरी बसा, आणि सोमवारी सैल पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घाला. जमलं तर आठवडाभर गर्दीच्या आधीची गाडी पकडा.

बोटांवरचे टॅटू सुंदर दिसतात आणि भांडी घासून, हात धुऊन, पुसट होतात. ते दर वर्ष-दोन वर्षांनी गिरवावे लागतील हे धरूनच काढा.

काळजी कशी घ्यायची? आई म्हणते हळद लाव.

आईचं मन मोडायचं नाही पण हळद लावायची नाही. खोबरेल, कडुनिंबाचा पाला, टूथपेस्ट, काहीच नाही. आर्टिस्टने पारदर्शक फिल्म लावली असेल तर सांगितलेल्या दिवसापर्यंत ती राहू द्या. आत घामाचं पाणी जमून कडेने गळायला लागलं तर लगेच काढा. दिवसातून दोनदा सौम्य साबण आणि स्वच्छ पाणी, टिपून कोरडं करणं, मग बिनवासाचं मलम अगदी पातळ. पुरणपोळीवर तूप सोडतो तसं सोडू नका. खाज सुटेल, नखं लावू नका, फार तर वरून हलकं थोपटा.

वरची कातडी दोन-तीन आठवड्यांत भरते, आतली दोन-तीन महिन्यांत. लाली वाढत गेली, पू आला, ताप आला, लाल रेघ वर चढताना दिसली तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत त्वचारोगाची ओपीडी असते, केसपेपरच्या पैशांत काम होतं.

जखम भरली की सनस्क्रीन. उन्हाने जेवढा टॅटू उडतो तेवढा वयाने नाही.

सरकारी नोकरी मिळेल का?

कुठली, त्यावर आहे. सैन्यभरतीत कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू इथलेच कायमचे टॅटू चालतात. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत नियम आणखी बारीक. नाव किंवा धार्मिक चिन्ह, तेही हाताच्या आतल्या बाजूला पण फक्त डाव्या, कारण उजव्या हाताने सलाम करतात. नाहीतर पंजाच्या मागच्या बाजूला. आणि आकार त्या भागाच्या एक चतुर्थांशापेक्षा लहान. लालबागचा एक मुलगा उजव्या हातावर "जय हिंद" काढायला आला होता, भरतीची तयारी करत होता. त्याला मी हा नियम मोबाईलवर दाखवला. तो खुर्चीतून उठला आणि मला पेढे देऊन गेला, टॅटू न काढताच. भरती झाली की नाही ते नाही सांगितलं.

विमान कंपन्यांत केबिन क्रूला गणवेशाबाहेर दिसणारा टॅटू नडतो. आयटीवाले विचारतही नाहीत. बाकी ठिकाणी मान, चेहरा आणि पंजा सोडून काढलात तर शर्टच तुमचा वकील.

रक्तदान करता येईल का?

बारा महिने नाही. फॉर्मवर खरं लिहा. आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या शिबिरात दर वर्षी कुणीतरी बाही खाली ओढून बसतो. नियमित रक्तदाते असाल तर आधी रक्त द्या, मग टॅटू काढा.

एमआरआय करायचा झाला तर?

होतो. जुन्या शायांत लोहाचे कण असतात, त्यामुळे क्वचित चटका किंवा झिणझिण्या जाणवतात. तंत्रज्ञाला आधी सांगा, तेवढं पुरे.

मराठीत नाव काढायचं आहे. काही विशेष?

आहे, आणि यावर मी तासभर बोलू शकते.

पहिली गोष्ट, ऱ्हस्व-दीर्घ. आर्टिस्ट चित्रकार असतो, शुद्धलेखनाचा मास्तर नव्हे. बरेचसे तर मराठी वाचतही नाहीत, त्यांच्यासाठी तुमचं अक्षर म्हणजे वेलबुट्टी. "आशीर्वाद"चा रफार "शी"वर पडला तर ते नेऊन कुणाला दाखवणार? शब्द कागदावर स्वतः लिहा, घरातल्या जाणत्या माणसाला दाखवा, स्टेन्सिल, म्हणजे सुई लावण्याआधीचा छाप, कातडीवर उमटल्यावर आरशात नाही, थेट किंवा फोटो काढून वाचा. आरशात अक्षरं उलटी दिसतात आणि आपण "बरोबर आहे" म्हणून मोकळे होतो.

दुसरी, संगणक. काही डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी टाकली की जोडाक्षरं फुटतात. "श्री"चा "श् री" होतो, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. "शक्ती"चा पाय मोडलेला टॅटू मी या डोळ्यांनी पाहिला आहे, दुसरीकडे काढून आमच्याकडे दुरुस्तीला आलेला.

तिसरी गोष्ट वेळेची. शाई दर वर्षी थोडी थोडी पसरते. रोमन लिपीत "ओ" जरा भरला तरी वाचता येतो. देवनागरीत अख्खा अर्थ एका बारीक रेषेत किंवा टिंबात असतो. ब आणि व यांत फरक पोटातल्या एका रेघेचा. ध आणि घ, भ आणि म यांत फरक एका छोट्या गाठीचा. अक्षर नखाएवढं काढलंत तर दहा वर्षांनी पोट भरून येतं आणि "बाबा"चे "वावा" होतात. अनुस्वार तर सगळ्यात आधी शिरोरेघेत विरघळतो. म्हणून अक्षराची उंची निदान अर्धा-पाऊण इंच ठेवा, पोकळ्या मोठ्या ठेवा, बारीक टाकाचं वळण मोहात पाडतं पण त्याला भुलू नका. "आई" हा आमच्याकडे सगळ्यात जास्त निघणारा शब्द. सुदैवाने तो दणकट आहे. "ई"च्या डोक्यावरचा रफार तेवढा मोठा काढा.

राजमुद्रा किंवा देवाचं चित्र कुठे काढावं?

कमरेच्या वर. हा कायदा नाही, पण गावी गेल्यावर पोटरीवरचा गणपती बघून कुणीतरी बोलतंच आणि ते बोलणं वर्षानुवर्षं चालतं. देव काढल्यावर मटण चालतं का, हा प्रश्न मला दर श्रावणात येतो. तो तुमच्या घरचा मामला.

राजमुद्रेचं दुखणं वेगळं. "प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता । शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते" एवढी अक्षरं अष्टकोनात बसवायची आणि मुलं सांगतात, दोन इंचात करा. दोन इंचात "वर्धिष्णुर्विश्ववंदिता" बसवलं तर पाच वर्षांत तिथे काळा अष्टकोन उरेल. पाठीवर किंवा दंडावर ऐसपैस जागा देणार असाल तरच काढा. आणि "शाहसूनोः"चा विसर्ग तपासा. अर्ध्या टॅटूंत तो नसतो.

बॉयफ्रेंडचं नाव काढू?

आम्ही नाही म्हणत नाही. फक्त वहीत तुमचा नंबर जपून ठेवतो. त्यावर दुसरं चित्र चढवायचं झालं तर ते मूळ नावाच्या दुप्पट-तिप्पट मोठं आणि जास्त गडद लागतं, एवढं लक्षात असू द्या. मोर आणि कमळ यांच्याखाली दादर-परळची किती नावं निजली आहेत ते मी सांगणार नाही.

नको झाला तर लेझरने पुसता येतो ना?

फिकट करता येतो. पूर्ण जाईलच असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर सावध व्हा. लेझर शाईचे कण फोडून बारीक करतो आणि मग शरीर ते हळूहळू वाहून नेतं. म्हणून बैठका सहा ते दहा, कधी जास्त, आणि दोन बैठकांमध्ये सहा ते आठ आठवडे. हिशेब करा, वर्ष सहज जातं. काळी शाई त्यातल्या त्यात लवकर निघते, हिरवी आणि पिवळी हट्टी. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर आणखी एक अडचण: लेझर शाईबरोबर कातडीचा स्वतःचा रंगही पकडतो. जागा पांढरी पडू शकते किंवा काळवंडू शकते. "राहुल" निघाला आणि "राहुल"च्या आकाराचा पांढरा डाग राहिला, असं होतं. लेझर नेहमी त्वचारोगतज्ज्ञाकडेच, पार्लरमध्ये नाही. आणि बाटलीतल्या "टॅटू रिमूव्हल क्रीम"ने कातडी भाजते, टॅटू तसाच.

काढण्यापेक्षा पुसण्याला पैसा, वेळ आणि दुखणं तिन्ही जास्त.

खर्च किती?

मुंबईत साधारण ५०० ते १००० रुपये चौरस इंच, नावाजलेल्या हाताचे जास्त, आणि लहानात लहान चित्राला एक किमान रक्कम. घासाघीस करा, पण भाजीवाल्याशी करता तेवढी नको. इथे कमी केलेले पैसे कुठून तरी निघतात, आणि बहुतेक वेळा ते सुई-शाईतून निघतात.

वय किती लागतं? आईबाबांना कसं सांगू?

अठरा पूर्ण. आम्ही आधार बघतो. सोळाव्या वर्षीचा माझा बदाम दाखवून समजावते, तरी मुलं "ताई, तुम्ही पण काढला होतात ना" म्हणतात. हो, आणि तो आता बदामापेक्षा बटाट्यासारखा दिसतो.

आईबाबांचं म्हणाल तर काढण्याआधी सांगा. "लग्नाच्या वेळी काय?" हे ऐकावं लागेल. त्यावर माझ्याकडे तोडगा नाही. पण माझ्या अनुभवात आई जास्त लवकर विरघळते, विशेषतः तिच्या आईच्या हातावर गोंदण असेल तर.

कायमचा नको, नवरात्रीपुरता हवा.

पाण्याने चिकटवायचे स्टिकर किंवा साधी मेंदी. पाठीवर गरब्यासाठी तेवढं पुरे. "दहा मिनिटांत काळी होणारी मेंदी" मात्र नको. मेंदी काळी नसतेच. तिच्यात केस रंगवण्याचं रसायन, पीपीडी, मिसळलेलं असतं. त्याने फोड येतात, आणि एकदा ॲलर्जी बसली की जन्मभर केसांना डाय लावता येत नाही. एका दांडियासाठी हा सौदा महाग आहे.

आजीच्या हातावरचं गोंदण तसंच्या तसं काढून मिळेल का?

मिळेल. हा प्रश्न हल्ली वाढलाय आणि मला सगळ्यात आवडतो. मोबाईलमध्ये आजीच्या हाताचा फोटो असतो. कधी तो हात आता राहिलेला नसतो.

माझ्या आजीच्या हातावर तुळशीवृंदावन होतं आणि हनुवटीवर टिकली. तिच्या लहानपणी गोंदणारी बाई दारावर आली होती, तीन-चार सुया एकत्र बांधलेल्या, दिव्याची काजळी, आणि बदल्यात पायलीभर भात. आजी म्हणायची, मेल्यावर दागिने काढून घेतात, गोंदण तेवढं बरोबर येतं. काळी काजळी कातडीखालून निळसर-हिरवी दिसते. प्रकाश वरच्या थरातून जाता-येता विखुरतो, म्हणून तो रंग. आणि ज्या विजेच्या मशीनने आम्ही आज तेच काम करतो त्याचं पेटंट न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायलीने १८९१ साली घेतलं, एडिसनच्या विजेच्या पेनवरून सुचलेलं. आजीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, आमच्या बाईला वीज लागत नव्हती.

आता अडचण सांगते. फोटोतलं वृंदावन सत्तर वर्षांत पसरलेलं असतं. रेषा जाड झालेल्या, ठिपके एकमेकांत मिसळलेले. आर्टिस्ट विचारतो, आजीने गोंदवलं तेव्हा जसं असेल तसं रेखीव काढू, की तुम्ही तिच्या हातावर बघितलंत तसं? रेखीव काढलं तर नात म्हणते, हे आजीचं वाटत नाही. पसरट काढलं तर पुढे पसरायला जागाच उरत नाही, काही वर्षांत नुसता निळा डाग होईल. आम्ही मग बहुतेक वेळा रेखीव काढतो, थोडं मोठं, ठिपक्यांत अंतर ठेवून, फक्त काळ्या शाईत. पसरायचं काम कातडी करेल. सोबत फोटो आणताना हात उन्हात धरून, मनगटापासून कोपरापर्यंत पूर्ण काढलेला आणा. फक्त चित्र जवळून काढलं तर ते हातावर किती मोठं होतं तेच कळत नाही.